पाटलाचा बैल शेळीएवढा

मला अक्षर आलं ते चाळिशी उलटल्यावर, त्यामुळे कागद दिसला की माझ्याच्यानं अजून राहवत नाही. वाण्याच्या पुडीच्या कागदावरसुद्धा मी काहीतरी लिहून ठेवते. तेव्हा हे जरा लांबलं तर लांबू द्यावं. आमच्या गाढवाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही.

आमचं घर धारूरला. वेशीतून आत येणारा रस्ता सरळ येऊन जिथं कुंभारवाड्याकडे वळायचा, अगदी त्या वळणावर. घर म्हणजे दोन खण आणि पुढे भलंमोठं अंगण, कारण कुंभाराला राहायला जागा लागते थोडी आणि मडकी वाळवायला फार. सकाळी जाग यायची ती आवाजानं. आबा ओल्या माठाच्या आतून दगडी गोळा धरायचे आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचे, थप थप थप. तिकडे चुलीपाशी माय भाकरी थापायची. कधीकधी दोघांच्या थापा एका लयीत यायच्या, मग माय मुद्दाम एक थाप चुकवायची आणि आबा आतून ओरडायचे, "बिघडीवलं का पुन्ना!" माय हसायची. हा खेळ रोजचा, तरी रोज नवा. भाकरी, लसणाचा ठेचा आणि त्यावर करडईच्या तेलाची धार, हे आमचं सकाळचं जेवण. नव्या गाडग्यात शिजवलेली अंबाडीची भाजी असली तर तो सण. आता माझी सून कुकरमध्ये अंबाडी शिजवते. मी काही बोलत नाही, खाते.

अंगणाच्या कडेला फुटक्या मडक्यांचा ढीग असायचा आणि त्या ढिगावर माझं राज्य. त्यात माझी लाडकी वस्तू म्हणजे एका सुरईची मोडलेली मान. वीतभर लांब, आत रुपया मावेल एवढी पोकळ, दोन्हीकडून उघडी. तिच्यातून फुंकलं की तुतारीसारखा आवाज यायचा, निदान मला तसा वाटायचा. शेजारच्या म्हातारीला तो म्हशीच्या रेकण्यासारखा वाटायचा आणि ती तसं सांगायचीही.

आमची चार गाढवं होती. त्यातल्या तीन गाढवी गरीब होत्या, सांगितल्या वाटेनं जायच्या. चौथा नबाब. हे नाव मीच ठेवलं होतं, कारण तो कुणाचं ऐकायचा नाही आणि खायला मात्र वेळेवर हजर. लहानपणी कुत्र्यानं त्याचा उजवा कान फाडला होता, त्यामुळे त्या कानाची दोन टोकं वेगवेगळी हलायची. आबांनी मला बजावलं होतं, "पोरी, कचेरीचा शिपाई आसंल तवा त्याला हाक मारू नको. राज्य निजामाचं हाय. गाढव ऱ्हाईल बाहेर, आपुन जाऊ आत." वळणावर आमच्या भट्टीच्या राखेचा ढीग पडलेला असायचा. दुपारची खेप झाली की नबाब त्या राखेत चारी पाय वर करून लोळायचा आणि मग तिथंच, रस्त्याच्या अर्ध्यात, धुळीत माखून उभा राहायचा. गाड्या त्याला वळसा घालून जायच्या.

त्या रस्त्यावरून काय काय जायचं! चाँदभाई पखाल्याचा रेडा दोन्ही बाजूंना पाण्याच्या पखाली लोंबकळवत यायचा आणि त्याच्या वाटेवर पाण्याची एक ओळ उमटायची. लमाणांचे बैल मिठाच्या गोणी घेऊन यायचे. तेल्याचा बैल दिवसभर घाण्याला फिरून संध्याकाळी सरळ रस्त्यावरसुद्धा जरा वाकडा चालायचा. आणि या सगळ्यांत शेवटचा शब्द ज्यांचा, ते भुजंगराव पाटील आपल्या पांढऱ्या खिल्लारी जोडीमागे छाती काढून चालायचे. पाटील वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या बैलांच्या पुढं कुणाचं जनावर गेलं की त्याला जेवण गोड लागत नसे. पोळ्याच्या दिवशी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचे, त्याखालून पहिली जोडी पाटलाची जायची, मग बाकी गाव. हा मान त्याच्या आज्यापासून चालत आलेला. आणि आम्हाला माठाला जी माती लागायची ती तळ्यातली, तळ्यावर शब्द पाटलाचा. एवढं सांगितलं की पुढचं समजेल.

एका माघात कचेरीचा परवाना घेऊन एक गोरा साहेब गावात आला. म्हातारा, लाल नाकाचा, सोबत पांढरी छत्री आणि चित्राचं कापड टेकवायचा तीन पायांचा लाकडी घोडा, आणि हैदराबादेहून आणलेले एक मुन्शीजी. साहेबानं दिवसभर रस्ता पाहिला. नबाबला पाहिलं, रेड्याला पाहिलं, आमच्या राखेच्या ढिगाला असं पाहिलं की मायला लाज वाटली. संध्याकाळी मुन्शीजींनी वेशीत उभं राहून सांगितलं, "साब इस रास्ते की तस्वीर बनाने वाले हैं. तस्वीर विलायत जाएगी. कल सब लोग जैसे रोज रहते वैसेच रहना, समझे क्या?"

सगळ्यांना समजलं. पण चित्र काढून घ्यायला रोजच्यासारखं कोण बसतं? लग्नातसुद्धा माणूस रोजच्यासारखा राहत नाही. माय म्हणाली, "इलायतेच्या बाया म्हनतील, धारूरात सडा घालत न्हाईत का?" आणि तिनं पहाटेच अंगण सारवलं, रांगोळी घातली. सूर्य वर आला तेव्हा आमच्या रस्त्यावर माघात पोळा अवतरला होता. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. चाँदभाईनं रेड्याला तेल चोपडून असा काळाभोर केला होता की त्यात तोंड दिसावं. तेल्यानं आपल्या बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधलं होतं. आणि पाटलानं वेशीला तोरण बांधून, सगळ्यात मानाची जागा म्हणून, आपली जोडी बरोबर तोरणाखाली उभी केली होती. आबांना निरोप आला होता की गाढवं आज घरात बांधा, चांगल्या कामात मधे नकोत.

साहेब आला, वळणावरच्या कडुलिंबाखाली छत्री रोवली, समोर पाहिलं आणि त्यानं डोकं धरलं. बिचाऱ्याला धूळ हवी होती आणि आम्ही तर रस्त्यावर पाणी मारलं होतं. तो मुन्शीजींना काहीतरी बोलला, मुन्शीजी गावाला बोलले, गाव एकमेकांकडे पाहत राहिलं. एवढ्यात आमच्या अंगणातून दावं तोडून नबाब बाहेर आला. त्याची लोळायची वेळ झाली होती. तो भर रस्त्यातून, झुलींच्या आणि बाशिंगांच्या मधून, राखेच्या ढिगापर्यंत गेला, चार वेळा लोळला आणि पांढराफटक होऊन उभा राहिला, साहेबापासून पंधरा पावलांवर. साहेब उठून उभा राहिला. आनंदानं त्यानं टोपी काढली. नबाबला टोपी काढून सलाम करणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. हाजिर तो वजीर म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवसापासून मुन्शीजींनी सगळ्यांच्या झुली उतरवल्या. फक्त पाटलाचे बैल रोज सकाळी सजून तोरणाखाली येत राहिले, त्यांच्या झुली उतरवा म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. मला काम मिळालं, नबाबचं दावं धरून उभं राहायचं. असं मानाचं काम मला पुढे कधी मिळालं नाही. साहेब एक डोळा मिटायचा, हात लांब करून कुंचला उभा धरायचा, त्यावर अंगठा सरकवायचा आणि मग कापडावर रेघ मारायचा. मी घरी येऊन तेच करायची. कुंचला नव्हता, सुरईची मान होती. तिच्यातून एका डोळ्यानं पाहिलं की माय चुलीपाशी अख्खी मावायची, आणि मी अगदी जवळ गेले की तिचं फक्त नाक मावायचं. मला हे फार भारी वाटलं. मी दिवसभर लोकांना लहानमोठं करत हिंडले.

पाचव्या दिवशी पाटील चित्र बघायला आले. मागे दगडू, त्यांचा गडी. साहेबानं अदबीनं बाजूला होऊन दाखवलं. कापडावर रस्ता होता, धूळ होती, मधोमध राखेत माखलेला नबाब होता, दोन टोकांच्या कानासकट. आणि लांब वेशीत, तोरणाखाली, दोन पांढरे ठिपके होते. पाटलानं वाकून पाहिलं.

"हे काय हाय?"

"आपके बैल, पाटील साब," मुन्शीजी म्हणाले.

"बैल? शेळ्या हायेत बे ह्या! आन् ह्यो हत्ती कुनाचा?"

"वो कुम्हार का गधा है."

रस्त्यावर कुणीतरी हसलं. मला वाटतं तेली. मुन्शीजी घाईनं म्हणाले, "दूर की चीज छोटी दिखती, साब."

"माझा बैल लहान दिसतो? कुनाला दिसतो? आख्ख्या धारूरात इचारा!"

साहेबाला बोलायची सोय नव्हती, त्याच्याजवळ कचेरीचा परवाना. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पाटील आमच्या अंगणात आले आणि आबांना म्हणाले, "कुंभारा, माझ्या बैलाम्होरं गाढव उभं केलंस? कावून? ते गाढव त्या कापडावरून उतरंल तवाच तळ्यात कुदळ घालायची. तवर मातीला हात लावायचा न्हाई." आबा हात जोडून उभे राहिले. ते मुन्शीजींकडे गेले, गाढव पुसा म्हणून पाया पडले. साहेब म्हणाला, काहीही पुसेन, ते गाढव पुसणार नाही.

उन्हाळा तोंडावर होता. माठ, रांजण सगळे तेव्हाच करून भाजायचे, नाहीतर वर्षाचा हंगाम गेला. अंगणात होती तेवढी माती दुसऱ्या दिवशी संपली आणि चाक थांबलं. सकाळी मी जागी झाले तर एकच थाप ऐकू येत होती, मायच्या भाकरीची. ती चुकवायला दुसरी थापच नव्हती. आबा भिंतीला टेकून बसले होते, रिकामे हात मांडीवर ठेवून. मी आबांचे हात इतके स्वच्छ कधी पाहिले नव्हते आणि मला ते बघवले नाहीत. ते हळूच म्हणाले, "नबाबला उद्या घाटनांदूरला तुझ्या मामाकडं सोडून येतो. डोळ्याम्होरून गेला तर पाटलाचा राग निवंल." मी नबाबच्या गळ्यात पडून रडले. त्यानं माझ्या परकराचा नाडा खाल्ला.

रडून झाल्यावर मला राग आला. मला राग आला की बरं सुचतं, हे अजूनही खरं आहे. मी सुरईची मान घेतली आणि लिंबाखाली गेले. पाटील तिथंच होते, रोज येऊन त्या चित्राला शिव्या देत बसायचे. बैल लांब तोरणाखाली उभे होते.

"मालक, आमचं गाढव उद्या जानार हाय. पर त्याच्या आदी ह्याच्यातून एकदा बगा."

"काय हाय हे? सुरईचं नरडं?"

"एक डोळा मिटा आन् तुमच्या बैलाकडं बगा."

दगडू मला हाकलायला पुढे आला. पण पाटील पांढऱ्या मिशांचे असले तरी आतून पोरच होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी ती मान डोळ्याला लावली. ती हळूहळू वेशीच्या दिशेला फिरवली.

"बैल मावला का, मालक?"

"मावला," पाटील म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "दोनी मावले. तोरनासकट."

"आता गाढवाकडं बगा."

ते वळले. "ह्याचं तर निस्तं थोबाड दिसतंय."

"गाढव मोटं न्हाई, मालक, जवळ हाय. बैल ल्हान न्हाई, लांब हाय. तितं तुमीच उभा केलाय त्याला."

हे मी बोलले आणि मग मलाच भीती वाटली. हेच तर बिचाऱ्या मुन्शीजींनी दोन दिवस सांगितलं होतं, पण हातात सुरई दिली नव्हती. पाटलानं ओरडून बैल वीस पावलं पुढे आणायला सांगितले. नळीतून पाहिलं. आणखी वीस. पुन्हा पाहिलं. "आरं तिच्या! मावंना की रं आता! शिंगं भाईर गेली!" मग त्यांनी दगडूला पळवलं. "दगडू, वेशीत जा. आनखी लांब. तळ्याकडं जा! लई वाढला होतास, आता बग, हरभऱ्याएवढा केला तुला!" सगळा रस्ता गोळा झाला. पाटील एकेकाला नळी द्यायचे आणि परत हिसकावून घ्यायचे. चाँदभाईनं त्यातून पाटलांनाच पाहिलं आणि काय दिसलं ते शहाणपणानं सांगितलं नाही. साहेब तर मांडीवर थापा मारत होता.

मग पाटील साहेबापुढं उभे राहिले आणि म्हणाले, बैल म्होरं आणतो, गाढवाच्या शेजारी. साहेबानं मुन्शीजींच्या तोंडून अट घातली, झूल आणि माळा काढल्या तर. पाटलानं स्वतःच्या हातानं झुली काढल्या. आपलीही एक अट घातली, "माझ्या बैलाचं तोंड गाढवाच्या म्होरं पायजे. चार बोटं का हुईना." साहेबानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. बैल आले, नबाबनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं पांढऱ्या बैलानं मान वळवून त्याच्या पाठीवरची राख चाटली. पाटील मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण आता कापडावर बैल मोठा होत होता म्हणून गप्प बसले.

आबा हे सगळं दारातून बघत होते. पाटील त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आन् तू रं, हितं काय बगत बसलास? तळं काय तुझ्या घरला चालत येनार हाय का? जा, माती आन. आन् मला असली एक नळी भाजून दे. जरा लांब कर." आबा तीन गाढवी घेऊन जवळजवळ पळतच वेशीबाहेर गेले. माय दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत हसत होती. तासाभरानं ते परत आले, तळ्याच्या काळ्या मातीच्या ओल्या गोणी घेऊन, पायापासून ढोपरापर्यंत चिखलात. वेशीत, तोरणाखाली आले तोच साहेब ओरडला. मुन्शीजी ओरडले, "रुको! वहींच रुको!" आबा घाबरून दोन्ही हात वर करून उभे राहिले. पुन्हा माती बंद झाली की काय! मी ओरडले, "आबा, भिऊ नका, तुमचं चित्तर काढतोय!" ते हात खाली घेईनात आणि साहेब हसत हसत कुंचला चालवीत राहिला.

पाटलाची नळी त्या भट्टीत भाजली. पुढे ते चावडीवर बसले की ती मांडीशी असायची. कुणी फार तोऱ्यात आलं की उचलून डोळ्याला लावायचे. साहेब निघून गेला, चित्र घेऊन गेला, आणि साहेबाच्या वाटेची धूळ आमच्या अंगणात बसली. चाक फिरत राहिलं. नबाब आणखी नऊ वर्षं जगला आणि घाटनांदूरला कधीच गेला नाही.

हे सगळं लिहायचं कारण माझी धाकटी नात. ती औरंगाबादेत चित्रकला शिकते. मी तिला नबाबची गोष्ट पन्नास वेळा सांगितली असेल आणि ती पन्नास वेळा म्हणाली असेल, आजी, थापा मारू नको. गेल्या महिन्यात ती वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली आणि एक पान माझ्यापुढे उघडलं. मी चष्मा लावला. नबाब होता. दोन टोकांचा कान, पाठीवर राख, बैलानं चाटलेली जागासुद्धा. बैलाचं तोंड चार बोटं पुढे होतं, साहेब शब्दाचा पक्का. पण त्याच्याही पुढे, सगळ्यात मोठा, एक उंट उभा होता! आमच्या रस्त्यात त्या दिवसांत उंट नव्हताच. पाटलाचा मान शेवटी त्या उंटानं नेला. वेशीमागे खजुरीची दोन झाडं होती, तीही साहेबानं कुठून आणली देव जाणे. आणि नबाबचं दावं धरून उभा होता एक फेटेवाला पोरगा.

"ह्यो कोन मेला?" मी विचारलं. "तितं मी होते!"

नात हसून लोळायला लागली. मी म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाच. तिनं वाचून मराठीत सांगितलं, पूर्वेकडच्या एका गावातला रस्ता. एका गावातला! धारूर लिहायला शाई संपली होती का? मी त्या साहेबाला माझ्या ठेवणीतल्या दोन शिव्या दिल्या. नातीनं त्या लिहून घेतल्या.

ती चहा करायला आत गेली. मी परत पान पाहिलं. लांब वेशीत, तोरणाखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा माणूस होता, मागे तीन ठिपके. डोळ्यांना नीट दिसेना. मी मूठ वळली, तिची नळी केली आणि एक डोळा मिटून त्यातून पाहिलं. उंट गेला, खजुरी गेल्या, तो फेटेवाला गेला. नळीत फक्त आबा राहिले, दोन्ही हात वर केलेले.

"आबा, भिऊ नका," मी म्हटलं.

आतून नातीनं विचारलं, "आजी, कुणाशी बोलतेस गं?"